शब्द डोळ्यांसमोर आहे पण फाइंडला सापडत नाही: मोठ्या मराठी मसुद्यात शोध आणि शॉर्टकट का अडतात

गेली अडीच वर्षं मी पानशेतच्या पुरावर लिहितेय. धरण कसं बांधलं, कसं फुटलं हा त्यातला छोटा भाग. माझा जीव अडकलाय तो १२ जुलै १९६१ला पुण्याच्या पेठांमध्ये पाणी शिरलं तेव्हा घराघरात काय झालं आणि नंतर ती माणसं गोखलेनगरला, सहकारनगरला जाऊन पुन्हा कशी उभी राहिली त्यात. मुलाखती, बाबांची डायरी, माझं लिखाण असं सगळं मिळून मसुदा आता एक लाख दहा हजार शब्दांच्या पुढे गेलाय, आणि तो सगळा लिब्रेऑफिस रायटर या वर्डसारख्या प्रोग्राममध्ये आहे. त्यातला निम्मा मी लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डने टाइप केला, बराचसा भाचीने फोनवर केला, आणि डायरी व सुरुवातीच्या चार मुलाखती अप्पा बळवंत चौकाजवळ एका टायपिंगवाल्यांकडे करून घेतल्या होत्या त्या जुन्या फॉन्टात होत्या, युनिकोडमध्ये (म्हणजे प्रत्येक अक्षराला एक ठरलेला नंबर देणाऱ्या आजच्या पद्धतीत) नव्हत्या, मग कन्व्हर्टरने बदलून घेतल्या. तीन हातांचं तीन तऱ्हेचं टायपिंग एका फाइलमध्ये आलं. सगळं त्रांगडं इथूनच सुरू झालं, पण हे कळायला मला वर्ष गेलं.

त्रास असा की एखादा शब्द शोधायला टाकला तर काही ठिकाणी सापडतो काही ठिकाणी नाही, समोर स्क्रीनवर तो शब्द दिसतोय तरी फाइंड म्हणतं मजकूर संपला. दोन-तीन अक्षरांवरून पूर्ण शब्द आणणारा शॉर्टकट तिसऱ्या प्रकरणात नीट चालतो आणि सातव्यात अजिबात चालत नाही. बंद करून परत उघडलं, प्रोग्राम काढून परत टाकला, लॅपटॉप फॉरमॅट करायच्या बेतात होते. दर दोन-तीन महिन्यांनी हेच, आणि दरवेळी मी तो एक शब्द हाताने सुधारून पुढे जायचे म्हणून मूळ दुखणं तसंच राहायचं. ज्यांचा प्रबंध चाललाय, कादंबरी चाललीये, घराण्याचा इतिहास लिहिताय, त्यांना हे होतंच असणार म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मला खऱ्या अर्थाने जाग आली ती एका नावामुळे. मुलाखत दिलेल्या एका आजींनी नंतर फोन करून सांगितलं की माझं नाव नको घालूस, घरातल्या काही गोष्टी मी बोलून गेलेय, त्या राहू देत पण नाव बदल. मी शब्द दिला. खरं नाव अर्थातच इथे लिहीत नाही, समजा आडनाव कऱ्हाडकर आणि नाव सुधा. मी कंट्रोल आणि एच दाबून कऱ्हाडकरच्या जागी दुसरं आडनाव घातलं, रिप्लेस ऑल केलं, एकतीस ठिकाणी बदललं असं आलं, मी निर्धास्त. महिन्याभराने प्रिंट काढून बहिणीला वाचायला दिली तर तिने पान ११२वर बोट ठेवलं, हे आडनाव कोणाचं? मग सगळी प्रिंट चाळली, आणखी सहा ठिकाणी. एकूण सात जागी आजींचं खरं आडनाव तसंच होतं, आणि ते पान उद्या छापलं गेलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. ठरवलं की आता हे मुळापासून बघायचं.

तर कारण असं आहे. मराठीत आपण जो 'ऱ्य', 'ऱ्ह' लिहितो, म्हणजे दुसऱ्या, तऱ्हा, कऱ्हाड यांतला तो अर्धा र, तो युनिकोडमध्ये दोन-तीन तऱ्हांनी साठवता येतो आणि दिसतो मात्र अगदी सारखा. एक पद्धत म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर (इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून र ची कळ), मग हलन्त म्हणजे पाय मोडायची खूण, मग य. दुसरी पद्धत म्हणजे साधा र, मग हलन्त, मग एक अदृश्य खूण, जिला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात, आणि मग य. माणसाला 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' यांत फरक दिसणारच नाही, पण फाइंड डोळ्यांनी बघत नाही, ते नंबर जुळवतं, ऱ चा नंबर ०९३१ आणि र चा ०९३०, मग जुळणार कसं. शिवाय र खाली नुक्ता म्हणजे टिंब देऊन तिसरी तऱ्हाही होते. माझ्या फाइलमध्ये कन्व्हर्ट केलेल्या चार मुलाखतींत सगळीकडे अदृश्य खुणेचा र होता, ते सात कऱ्हाडकर तिथलेच.

हे तुमच्या फाइलमध्ये आहे का हे बघायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे बॅकस्पेस मोजणे. शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवा, 'दुसऱ्या'च्या शेवटी समजा, आणि एकेकदा बॅकस्पेस दाबा. बॅकस्पेस आपल्या लिपीत पूर्ण अक्षर खोडत नाही, एकेक खूण खोडतं. आधी काना जाईल, मग य, मग हलन्त, मग ऱ, म्हणजे चार वेळा दाबल्यावर 'दुस' उरलं तर ती पहिली पद्धत. पाच वेळा दाबावं लागलं आणि मधे एकदा दाबून काहीच हललं नाही असं वाटलं तर ती अदृश्य खूण. मग कंट्रोल झेडने परत आणा. नंबरच बघायचे असतील तर अक्षरानंतर कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा, युनिकोड नंबर दिसतात, परत दाबलं की अक्षर जागेवर. वर्डमध्येही ऑल्ट एक्स आहे.

र एकटाच नाहीये. 'आणि' हा शब्द बघा, आपण दर ओळीला लिहितो. काही टायपिंगमध्ये आ हे एक अक्षर असतं आणि काहींत अ ला काना देऊन 'अाणि' केलेलं असतं. दिसायला एकच. तसंच ओ आणि 'अो'. तसंच 'डॉक्टर' आणि 'डाॅक्टर', यांत पहिल्यात ॉ ही एकच खूण आहे आणि दुसऱ्यात काना वेगळा आणि चंद्र वेगळा. 'ॲप', 'ॲम्ब्युलन्स' यांतला ॲ तर तीन प्रकारे येतो, एक आपला मराठी ॲ, दुसरा अ वर चंद्र देऊन केलेला, तिसरा ए वर चंद्र देऊन, ऍ, जो बऱ्याच जुन्या मजकुरात सापडतो. मराठी ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे त्याआधीच्या मजकुरात तो असणारच नाही. आणि विसर्ग! 'दुःख'मधला विसर्ग खरा विसर्ग आहे की घाईत टाइप केलेला कोलन आहे हे एकदा तपासाच. माझ्या मसुद्यात 'स्वत:' एकशे बेचाळीस वेळा कोलनने होतं आणि 'स्वतः' साठेक वेळा विसर्गाने, ते दोन्ही मीच टाइप केलेलं, दुसऱ्या कोणी नाही.

आता साफसफाई. आधी फाइलची कॉपी करून नावात तारीख टाका आणि कॉपीवरच काम करा, ही पायरी गाळू नका. मग रिप्लेस करायचं पण क्रमाने, क्रम चुकला की नवीनच चुकीचे शब्द तयार होतात. मी आधी काना-चंद्र हे दोन तुकडे जोडून ॉ केला, सगळीकडे. त्याने डाॅक्टरचा डॉक्टर झाला, पण ऑफिस हा शब्द अ, काना, चंद्र असा तीन तुकड्यांत होता तिथे आता अ आणि ॉ असे दोन उरले, म्हणून दुसऱ्या फेरीत अ-ॉ चा ऑ. मग अ-काना चा आ. मग अो चा ओ, अौ चा औ. मग चंद्रवाले सगळे ॲ. तुम्ही अ-काना आधी केलंत तर 'आ'वर एक सुटा चंद्र बसलेला असा प्रकार तयार होतो, तो परत वेगळा शोधावा लागतो, मी तो घोळ घालून बघितलाय.

अर्ध्या र साठी फाइंडच्या चौकटीत ती अदृश्य खूण टाइप कशी करणार हा प्रश्न येतो. टाइप करायची गरजच नाही. मजकुरातला एक खराब शब्द सिलेक्ट करा आणि कंट्रोल एच दाबा, तो आपोआप वरच्या चौकटीत येतो. तिथे पुढचं मागचं सगळं खोडून फक्त र, हलन्त आणि अदृश्य खूण एवढंच उरवा (मागून काना आणि य असे दोन बॅकस्पेस, पुढची अक्षरं पुढून). खालच्या चौकटीत ऱ आणि हलन्त टाइप करा. रिप्लेस ऑल. हे बिनधास्त करू शकता कारण मराठीत र, हलन्त आणि अदृश्य खूण हे त्रिकूट या अर्ध्या र शिवाय दुसऱ्या कशासाठी येत नाही. माझ्याकडे दोन हजारांच्या वर जागा बदलल्या.

विसर्गाचं मात्र बिनधास्त करू नका. मी 'त:' च्या जागी 'तः' असं एका झटक्यात करायला गेले, म्हणजे स्वत:, विशेषत:, साधारणत: सगळं एकदम होईल, आणि झालंही, पण माझ्या प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला 'मुलाखत:' असं लिहून पुढे पेठेचं नाव असायचं, ते सगळं 'मुलाखतः' होऊन बसलं. म्हणून शब्द धरूनच करा: दु:ख, स्वत:, अंत:करण, नि:शब्द, पुन:पुन्हा, विशेषत:, मुख्यत:, साधारणत:. आठ-दहा शब्दांत काम भागतं, जास्त शब्द नसतातच.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते, जुनं लिखाण उद्धृत केलं असेल तर ते या सगळ्यातून आधी बाजूला काढा. बाबांची डायरी १९६१ची आहे, शुद्धलेखनाचे नवे नियम त्यानंतर १९६२ला आले, त्यामुळे त्यांनी 'कांहीं', 'नाहींत', 'पाण्यांत' असं लिहिलंय आणि ते तसंच राहायला हवं, तो त्यांचा हात आहे. खुणांची साफसफाई (अदृश्य र वगैरे) तिथेही चालेल कारण त्याने दिसणं बदलत नाही, पण शब्द बदलणारं कुठलंही रिप्लेस तिथे जाता कामा नये. मी डायरीचे सगळे उतारे काढून वेगळ्या फाइलमध्ये ठेवले आणि जागेवर 'डायरी-१', 'डायरी-२' अशा खुणा केल्या, शेवटी परत घातले. वर्डवाल्यांना यापेक्षा सोपं आहे, उताऱ्यांना वेगळी स्टाइल द्यायची आणि फाइंडच्या फॉरमॅटमध्ये मजकुराची स्टाइल निवडायची, मग तेवढ्यातच शोधलं जातं.

इतकं करूनही शोध अडतोच, आणि तिथे दोष टायपिंगचा नाही, आपली भाषाच तशी आहे. इंग्रजीत शब्द फारसा हलत नाही, आपल्याकडे प्रत्यय लागायच्या आधी शब्द स्वतःच बदलतो. माझ्याच विषयाचा शब्द घ्या. 'पूर' शोधलं तर सोलापूर सापडतं, कोल्हापूर सापडतं, पूर्वी, पूर्ण, भरपूर सगळं सापडतं, पण 'पुरात', 'पुराचं', 'पुरानंतर' हे एकही सापडत नाही कारण तिथे उकार ऱ्हस्व झालाय. जे हवं ते सोडून बाकी सगळं. 'वाडा' शोधलं तर 'वाड्यात' नाही, 'खडकवासला' शोधलं तर 'खडकवासल्याचं' नाही.

यावर उपाय म्हणजे शब्दाचा न बदलणारा तुकडा शोधायचा. 'वाड', 'खडकवासल'. पूरसाठी तेवढ्याने होत नाही, तिथे मी फाइंड अँड रिप्लेसमध्ये अदर ऑप्शन्सखाली रेग्युलर एक्स्प्रेशन्सवर (म्हणजे नेमक्या शब्दाऐवजी नमुना देऊन शोधणं) टिक करते आणि चौकटीत आधी एक स्पेस, मग प, मग चौकटी कंसात दोन्ही उकार, मग र, आणि मग परत चौकटी कंसात टोपीचं चिन्ह (^) आणि हलन्त असं लिहिते. पहिल्या स्पेसने सोलापूर-कोल्हापूर-भरपूर गळतात. दोन उकारांच्या कंसाने पूर आणि पुर दोन्ही येतात. टोपी-हलन्त म्हणजे र नंतर हलन्त नको, त्याने पूर्ण, पूर्वी गळतात. सुट्या उकाराभोवती ठिपक्यांचं वर्तुळ दिसेल त्याला घाबरू नका. आणि कंस, टोपी ही चिन्हं इंग्रजी कीबोर्डवर येऊन टाका, इनस्क्रिप्टवर त्या कळांवर वेगळं काही असतं. एवढं करून पुरावा, पुरेसं, पुरंदर येतातच, ते डोळ्यांनी सोडायचे.

म्हणूनच नाव बदलताना रिप्लेस ऑल कधीच नको, हे मी आता हात जोडून सांगेन. सुधाच्या जागी मी मालती घातलं, सुधाने, सुधाला, सुधाच्या हे सगळं छान बदललं, पण 'सुधारणा'ची 'मालतीरणा' झाली आणि एका ठिकाणी सुधाकर होते त्यांचे मालतीकर झाले. एकेक बघत बदलायला पाऊण तास लागतो, पण तो पाऊण तास द्यायचाच. आणि जिथे खात्रीच हवी, एकही जागा सुटून चालणार नाही, तिथे शब्दातलं त्रासाचं अक्षर वगळून उरलेला तुकडा शोधा. कऱ्हाडकर नको, नुसतं 'हाडकर' शोधा. र कुठल्याही तऱ्हेचा असला तरी हा तुकडा तोच असतो. मी पहिल्याच दिवशी हे केलं असतं तर अडतीसच्या अडतीस जागा सापडल्या असत्या.

आता शॉर्टकट. म्हणजे दोन-तीन अक्षरं टाइप केली की पूर्ण शब्द येतो ते. मला याची गरज फार, कारण 'पुणे महानगरपालिका', 'खडकवासला', 'पूरग्रस्त वसाहत' हे शब्द पानापानावर. तिसऱ्या प्रकरणात चालतो आणि सातव्यात नाही याचं कारण निघालं भाषेची नोंद. ऑटोकरेक्टची यादी प्रत्येक भाषेची वेगळी असते. टूल्समध्ये ऑटोकरेक्ट ऑप्शन्स उघडा, वर भाषेचा रकाना दिसेल, तिथे मराठी निवडून शब्द टाकलेत तर ते फक्त मराठी अशी नोंद असलेल्या मजकुरातच चालतात. आणि मजकूर मराठीत लिहिलाय म्हणून त्याची नोंद मराठी असतेच असं नाही! विंडोजमध्ये तुम्ही हिंदीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावून टाइप केलंत तर त्या मजकुराला हिंदीचा शिक्का बसतो, अक्षरं सगळी मराठीच. माझ्या लॅपटॉपवर दोन्ही कीबोर्ड होते आणि कधी कुठला चालू असायचा मला पत्ताच नव्हता. खालच्या पट्टीवर भाषेचं नाव दिसतं, कर्सर सातव्या प्रकरणात नेऊन तिथे बघितलं तर 'हिंदी'.

मग तीन कामं केली. विंडोजच्या सेटिंगमधून हिंदी कीबोर्ड काढून टाकला, मराठीचा एकच ठेवला. लिब्रेऑफिसच्या ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटसमोर मराठी निवडलं. आणि कंट्रोल ए करून संपूर्ण मजकुराची भाषा फॉरमॅटमधून मराठी करून टाकली. वर्डमध्येही हेच, ऑटोकरेक्टच्या खिडकीच्या माथ्यावरच कुठल्या भाषेची यादी आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचत जा. स्पेलचेकच्या लाल रेघा सगळ्या पानभर येत असतील तर त्याचंही मूळ बहुतेक वेळा हेच असतं.

पण खरं सांगायचं तर मोठ्या मराठी लिखाणाला ऑटोकरेक्ट हे मुळात पुरत नाही असं माझं मत झालंय. ते स्पेस दिल्यावर चालतं. मी 'मनपा' लिहून स्पेस दिली की 'महानगरपालिका' येणार, आणि मला तर लिहायचंय 'महानगरपालिकेच्या', मग मागे या, स्पेस खोडा, काना खोडा, मात्रा द्या, यापेक्षा हाताने लिहिलेलं परवडतं. ऑटोटेक्स्ट वापरा. त्यात शॉर्टकट लिहून लगेच एफ-३ दाबायचं, स्पेस लागत नाही, शब्द जागेवर उलगडतो आणि कर्सर त्याला चिकटून थांबतो. आणि मुख्य म्हणजे त्यात पूर्ण शब्द साठवू नका, सामान्यरूप साठवा. माझ्याकडे 'मप' म्हणजे 'महानगरपालिके', 'खव' म्हणजे 'खडकवासल्या', 'पग' म्हणजे 'पूरग्रस्तां'. मग पुढे चं, त, ला, नी जे हवं ते चिकटवते. मराठी वाक्यात नाव मूळ रूपात येतं त्यापेक्षा प्रत्यय लागून जास्त येतं, तुमचंच एक पान मोजून बघा. शब्द सिलेक्ट करून कंट्रोल एफ-३ दाबलं की साठवायची खिडकी उघडते (वर्डमध्ये ऑल्ट एफ-३), आणि शॉर्टकटला दोन-तीन सुटी साधी अक्षरं घ्या, जोडाक्षर, काना-मात्रा नको, बोटं अडखळतात. लॅपटॉपवर एफ-३ दाबून आवाज किंवा प्रकाशच कमी-जास्त होत असेल तर एफएन कळ बरोबर दाबा.

शॉर्टकट इंग्रजी अक्षरांत ठेवायचा मोह होतो, तो टाळा, कारण मधेच कीबोर्ड बदलावा लागतो आणि विसरलात की 'केव्ही'च्या जागी त्या कळांवरची देवनागरी अक्षरं उमटतात, मग शॉर्टकट चालत नाही असं वाटतं. भाची एस्पान्सो हा शॉर्टकट उलगडणारा वेगळा प्रोग्राम वापरते, तो फुकट आहे आणि ईमेलपासून रायटरपर्यंत सगळीकडे चालतो, स्पेसही लागत नाही. त्यात दोन गोष्टी लक्षात ठेवा, फाइलमध्ये ओळी आत सरकवायला टॅब वापरलात तर फाइल वाचलीच जात नाही, स्पेसच लागतात, आणि प्रत्येक शॉर्टकटच्या आधी एखादं चिन्ह ठेवा, नाहीतर नुसतं 'मन' असा शॉर्टकट 'मनात', 'मनुष्य' सगळ्यात उलगडत बसतो. ऑटोहॉटकी हा तसाच दुसरा प्रोग्राम वापरणाऱ्यांच्या शॉर्टकटमधून मराठीऐवजी वेडीवाकडी चिन्हं येत असतील तर ती जुनी आवृत्ती आहे आणि स्क्रिप्टची फाइल यूटीएफ-८ विथ बॉम अशी सेव्ह करायची राहिलीये, दुसऱ्या आवृत्तीपासून हा त्रास नाही.

फाइल जड होते, स्क्रोल करताना अडकते, ही तक्रार बऱ्याच जणांची असते. शब्दांनी फाइल फारशी जड होत नाही. माझ्याकडे पूररेषेचे, पडलेल्या वाड्यांचे जुने फोटो होते, ते ६०० डीपीआयने स्कॅन करून तसेच आत टाकले होते, ते काढून लिखाण होईपर्यंत नुसत्या 'फोटो-१४' अशा खुणा ठेवल्या आणि फाइल पिसासारखी झाली. ट्रॅक चेंजेस (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणं) चालू राहिलं असेल तर तेही बघा. प्रकरणांच्या नावांना हेडिंगची स्टाइल द्या, एफ-५ने नॅव्हिगेटर उघडतो आणि कुठल्याही प्रकरणावर थेट जाता येतं, तिथूनच प्रकरण वर-खालीही हलवता येतं. ऑटोरिकव्हरी म्हणजे बॅकअप नव्हे, लाइट गेली तर तेवढ्यापुरतं ते आहे. रोजची कॉपी वेगळी, नावात आधी वर्ष मग महिना मग दिवस, म्हणजे यादीत आपोआप क्रमाने लागतात.

शेवटी परत आजींच्या प्रकरणाकडे. सगळं साफ झाल्यावर 'हाडकर' शोधलं, शून्य. सुधा शोधलं, फक्त सुधारणा आणि सुधाकर. तरी मन धजेना म्हणून फाइंडच्या अदर ऑप्शन्समध्ये कॉमेंट्स अशी एक टिक असते ती लावून परत शोधलं, तर भाचीने कडेला लिहिलेल्या शेऱ्यांमध्ये चार ठिकाणी नाव होतं. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये शीर्षक म्हणून आडनाव होतं. आणि फाइलचं स्वतःचं नाव तर 'कऱ्हाडकर मुलाखत' असंच होतं, तीच मी ईमेलने पाठवणार होते. तेही बदललं.

आजींना मोठा टाइप लागतो म्हणून त्यांचं प्रकरण अठरा पॉइंटमध्ये काढायचं होतं, स्टाइलमध्ये आकडा बदलला तरी अक्षरं हलेनात. स्टाइलच्या फॉन्टच्या पानावर वेस्टर्न आणि कॉम्प्लेक्स लेआउट असे दोन वेगळे भाग असतात आणि देवनागरी दुसऱ्या भागात येते, तिथे अठरा केलं की झालं. वर्डमध्ये त्याला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स म्हणतात. ती प्रिंट मी परवा कोथरूडला नेऊन त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून माझ्यासमोरच पहिली दोन पानं वाचली, मालतीताई या नावावर एकदा थांबल्या, आणि पेन्सिल मागून घेऊन पाणी जिन्याच्या तिसऱ्या नाही, पाचव्या पायरीपर्यंत आलं होतं अशी दुरुस्ती केली. ती आता करायचीये.